इंजिन बैठकीत असताना

१

इंजिन बाहेर निघालं तशी गाडीनं मान वर केली.

असं होतं हे शीतलला माहीत होतं. पुढच्या स्प्रिंगांवरचा भार उतरला की गाडीचं नाक उचललं जाणारच. तरीही दिलीपच्या चेनकुप्पीच्या साखळीला लटकलेलं ते काळं तेलकट धूड हवेत संथ फिरत होतं आणि पांढरी अँबॅसिडर, झोपलेल्या जनावराला कसला तरी वास यावा तशी पुढून हळूच वर आली, तेव्हा ती जागीच उभी राहून पाहत राहिली.

"ताई, पाय काढ खालून!" दिलीप ओरडला. "इंजिन दुसरं भेटंल, पाय नाय भेटनार."

"भाऊ, तुम्ही कुप्पी सांभाळा. पाय माझे आहेत, माझ्या ध्यानात आहेत."

"विलायतेत हेच शिकवते काय, मोठ्या मानसाले उलटून बोलायले?"

"तिथं तर कुप्पी पण आपल्यालेच ओढा लागते."

दिलीप हसला. पांढुर्ण्यात त्याचं गॅरेज होतं आणि तुळशीरामभाऊंच्या पोरीसाठी तो तीन पायांची लोखंडी तिवई घेऊन सौंसरपर्यंत आला होता. तुळशीराम म्हणजे शीतलचे बाबा. सिंचाई विभागात ते ड्रायव्हर होते. साहेबांची म्हणून जी गाडी त्यांनी उभी नोकरी चालवली तीच पुढे लिलावात निघाली, आणि तीच त्यांनी घरी आणली. दरवर्षी दीक्षाभूमीला जायचं ते याच गाडीतून. पुढे बाबा, मागे आई, आईच्या मांडीवर डबा, आणि खिडकीशी शीतल.

दोन पावसाळ्यांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर गाडी सुरू झाली नाही आणि आईनं फाटक ओलांडलं नाही.

शीतल ग्लासगोहून परत आली ती या दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊनच. शिष्यवृत्तीवर शिकली, तिथं नोकरीही लागली होती, ती सोडली. तिला सौंसरात शाळा काढायची होती, दुरुस्तीची शाळा, मुलींसाठी. मोटरपंप, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, जे बंद पडेल ते. बंद पडलं म्हणून फेकायचं नाही, खोलायचं, हे ती भेटेल त्याला इतक्या पोटतिडकीनं सांगायची की ऐकणारा घरी जाऊन आपला मिक्सर शोधायचा. शाळेची पहिली निशाणी म्हणून बाबांची गाडी उभी राहणार होती, तिच्या हातांनी जिवंत केलेली. आणि त्या गाडीत आईला बसवून ती फाटकाबाहेर नेणार होती. खरं पाहता बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती होतं.

इंजिन बैठकीत आणून जुन्या टायरवर ठेवलं. आई दारात उभी राहून पाहत होती. तिचं नाव इंदू. ती बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई.

"पाहुना आला म्हणायचा," ती म्हणाली. "याले चहा चालते का?"

आई कित्येक महिन्यांनी थट्टा करत होती. शीतलला वाटलं, झालं, सुरुवात झाली.

२

माघ सरत आला होता. संत्र्यांना आंबिया बहार धरला होता आणि घरामागच्या बागांमधून इतका गोड वास यायचा की दुपारी डोळे आपोआप मिटत. सकाळी शीतल इंजिन खोलायची. पिस्टन, पुशरॉड, रॉकर, एकेक भाग परातीत, रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा, क्रमानं चादरीवर मांडायचा.

"अवं, माही परात नं ते!"

"नवीन आणून देईन आई."

"नवीन कायले? तूच तं म्हनते, जुनं फेकू नाही."

दुपारी जेवण झालं की आई मागच्या खोलीत लवंडायची आणि शीतल शाळेसाठी मुली गोळा करायला निघायची. बायकांच्या ओसरीवर बसायचं, चहा प्यायचा, पोरींना हातात पाना धरू द्या म्हणून विनवायचं. उन्हं कलली की परत. मग उरलेल्या उजेडात ती गाडीचा रिकामा पोकळ भाग घासायची, जिथं आधी इंजिन होतं तिथला.

एका संध्याकाळी तिथल्या आडव्या पत्र्याला हात लागला आणि तिनं तो मागे घेतला.

पत्रा गरम होता.

ऊन, ती स्वतःशी म्हणाली. पण गाडी उभी होती तो पोर्च पूर्वेकडे होता, दुपारनंतर तिथं ऊन येत नसे. मग जमिनीची धग असेल, पत्र्याआड कोंडलेली. तिनं बाजूच्या मडगार्डला हात लावून पाहिला. तो गार होता. फक्त मधला पत्रा, इंजिनाच्या पाठीमागचा. लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीचा असतो तितका गरम.

तिनं जास्त विचार केला नाही. आतून वरण फोडणीला टाकल्याचा आवाज आला आणि त्यासोबत आईचं गुणगुणणं. आई गुणगुणत होती.

३

समोरच्या उर्मिला काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांनी फाटकातूनच हाक मारली.

"काय गं शीतल! गाडी चालू झाली अन् आम्हाले साधा पेढा नाही?"

"कुठं झाली काकू? अजून खूप काम आहे."

"असं का? मग काल दुपारी लोधीखेड्याच्या वाटेवर काय मी सपन पाहून राहिली होती? मी ऑटोत, अन् बाजूनं तुमची गाडी. इंदूबाई मागं बसल्या होत्या. मी हात केला तं त्यांनीही केला. लई बरं वाटलं हो, किती दिवसांनी बाहेर पडल्या."

शीतल हसली. काकूंना हाताला धरून तिनं बैठकीत नेलं आणि इंजिन दाखवलं. वरचं झाकण काढलेलं, आत चार रिकामे गोल. काकूंनी एका गोलात डोकावून पाहिलं, पदराला बोट पुसलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू आलं.

"बरं बाई. नाही सांगायचं तं नको सांगू."

"काकू, खरंच—"

"अगं, आमच्यात पण असंच आहे. चांगली गोष्ट झाली की चार दिवस बोलू नाही. पोटातलं लेकरू असो की जमलेलं लग्न. नजर लागते. मी कोणाजवळ बोलत नाही, जा."

आणि काकू शब्दाला जागल्या. त्यांनीच नाही, सगळ्या गल्लीनं तोंड बंद ठेवलं. शीतल दिसली की लोक नुसतं हसत. किराणावाला म्हणाला, "चालू द्या, चालू द्या." ती जितकं नाही म्हणे तितकी त्यांची खात्री पटत जाई. गाडीबद्दल बोलायचं नाही एवढं सौजन्य सगळ्यांकडे होतं, त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस तिला कोणी काही सांगितलंच नाही.

आई मात्र रोज उजळत होती. केसांना तेल लावू लागली. जेवताना दुसरी भाकरी घेऊ लागली. शीतलला वाटायचं, हे इंजिनामुळे. घरात काम सुरू असलं की घराला जीव येतो.

४

पांढुर्ण्याहून इंजिनाचा ब्लॉक बोअर होऊन, म्हणजे चारही गोल आतून घासून, आला. दिलीपनं तो टेम्पोतून उतरवला, पण तोंड फुगलेलं.

"मले सांगायचं होतं नं ताई. मिस्त्री बदलला तं बदलला. मी काय तलवार घेऊन आलो असतो?"

"कोण बदलला?"

"दुसरं इंजिन टाकून घेतलं नं? मतलब, हे खोललेलं दाखवायले, अन् ते चालवायले." त्याला खरोखर लागलं होतं. "सावरगावच्या पुलावर मी मोटरसायकलवर होतो. गाडी बाजूनं गेली. तो सैल टॅपेट, टिक टिक टिक. तुळशीरामभाऊची गाडी मी आंधळा असलो तरी ओळखंन."

शीतलनं त्याला पोर्चमध्ये नेलं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, नाक वर. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, अखंड. दिलीपनं वाकून ते जाळं पाहिलं.

"भाऊ, कोण चालवत होतं?"

"ते नाय पायलं. मी चाकं पायत होतो."

"चाकं काहून?"

त्यानं खिशातून फडकं काढून हात पुसले. हात स्वच्छच होते.

"जाऊ दे. ऊन लई होतं त्या दिवशी."

तो गेल्यावर शीतलनं गाडीचं मागचं दार उघडलं. काचा वर, दारं बंद, महिनाभर कोणी बसलेलं नाही. सीटच्या घडीत संत्र्याची फुलं पडली होती. पांढरी, ताजी, अजून ओलसर.

ती आत गेली. आई मागच्या खोलीत पलंगावर बसून वेणी घालत होती.

"आई, दुपारी तू कुठं जातेस?"

बाहेर निघणाऱ्याला कुठं म्हणून विचारू नये, हे आईनंच तिला शिकवलेलं. आईनं किंचित कपाळ आक्रसलं, पण रागावली नाही.

"गाडी येते नं."

"कोणती?"

"आपली. दुसरी कोनती?" आईचा आवाज ऊन पडलेल्या पाण्यासारखा होता, कुठंच न हलणारा. "तू गेली का येते. फाटकाशी उभी राह्यते. मी बसते. मंग जातो आम्ही. बागांचा वास येते, वारा लागते. झोप लागते मले कधी कधी."

"पुढं कोण असतं?"

"मी मागं बसते नं, नेहमीसारखी. मान दिसते नुसती."

"बाबांची?"

आईनं वेणीचं टोक बोटांत धरून ठेवलं.

"मी इचारलं नाही. चालवणाऱ्याशी मागून बोलू नाही, असं तुहे बाबाच म्हनत."

"आणि परत?"

"आनते नं परत. रोज थोडं पुढं नेते, मंग आनते." आईनं वेणी पूर्ण केली. मग सहज, भाजी आणायची राहिली असं सांगावं तसं म्हणाली, "आता वळायले जागा कमी राह्यते तिकडं."

५

शीतल दुसऱ्या दिवशी दुपारी घराबाहेर पडली नाही. आईजवळ बसून राहिली. हे सगळं काय आहे ते तिला नीट ठाऊक होतं: एकट्या बाईचं दुःख, दुपारची झोप, स्वप्न, शेजाऱ्यांचा गैरसमज, त्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्या काय थोड्या आहेत? फुलं वाऱ्यानं आली, पत्रा कशानं तरी तापला. एकेक वेगळं काढलं की प्रत्येक गोष्टीला कारण होतं. इंजिनासारखंच. फक्त सगळं परत जोडून पाहायचं धाडस होत नव्हतं.

घरात सावली हिरवट झाली होती. कुठंतरी होला घुमत होता. आईचा हात तिच्या हातात होता.

आधी ती टिकटिक आली.

बाबा घरी येताना वळणावरूनच ऐकू यायची ती. शाळकरी वयात शीतल त्या आवाजाला दप्तर आवरायची. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल होता, बाबांनी तो कधी घट्ट केला नाही. तो सुटा होऊन या क्षणी बैठकीत परातीत पडला होता, रॉकेलमध्ये बुडालेला. तिनं मान वळवून पाहिलं. दारातून परात दिसत होती.

आवाज फाटकाशी आला, आणि थांबला. बंद झाला नाही. संथ धडधडत राहिला.

आई उठायला लागली. शीतलनं हात सोडला नाही. खिडकीतून आवाराची भिंत दिसत होती आणि भिंतीवरून फक्त एक पांढरं छत. ते मागच्या बाजूला कललेलं होतं. पुढून उचललेल्या गाडीचं छत असतं तसं.

तिनं डोळे मिटून घेतले. आवाज बराच वेळ उभा राहिला, मग हळूहळू निघून गेला.

"वाट पाहून गेली बिचारी," आई म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

६

त्या दिवसापासून शीतलनं शाळेचं काम बाजूला ठेवलं. आता एकच गोष्ट: इंजिन जोडायचं. तिचा हिशेब साधा होता. आईला बाहेर जायचं आहे, आणि घरात गाडी नाही, म्हणून हे सगळं. खरी गाडी सुरू झाली, आई तिच्यात बसली, तर दुसरीला यायचं कारणच उरणार नाही. हा हिशेब पुस्तकातला नव्हता, पण दुसरा कोणताही तिच्याजवळ नव्हता.

दुपारी आईला गुंतवून ठेवायला तिनं काम दिलं. व्हॉल्व्ह बसवायचे तर आधी ते जागेवर घासून गुळगुळीत करावे लागतात. काठीच्या टोकाला व्हॉल्व्ह चिकटवायचा आणि काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची.

"हे तं ताक घुसळनं झालं," आई म्हणाली, आणि शीतलपेक्षा सफाईनं फिरवू लागली. थोडं फिरवायचं, उचलायचं, थोडं सरकवून पुन्हा. तिच्या बांगड्यांचा आवाज लयीत येई. आणि त्या लयीखाली, रोज, फाटकाबाहेरची ती संथ धडधड. आई मान वर करी. शीतल म्हणे, "आई, हा झाला का बघ." आई पुन्हा मान खाली घाली.

पण ती सुकत चालली होती. तेल लावणं बंद झालं. भाकरी एकावर आली.

"आपली गाडी झाली की जाऊ नं आई. मी नेते. दीक्षाभूमीला जाऊ."

"जाऊ," आई म्हणे. "फाटकाशी येते ते थांबंल का तोवर?"

टॅपेट शीतलनं स्वतः बसवले. पातळ पट्टी मध्ये घालून, सरकेल न सरकेल इतपत फट ठेवून. तिसराही. आता ती टिकटिक या इंजिनात कधी येणार नव्हती.

७

इंजिन बसवायला दिलीप आला, पण या वेळी थट्टा नाही. कुप्पीची साखळी सैल होत गेली, इंजिन आत उतरलं, आणि गाडीनं नाक खाली केलं. शीतलला इतकं हलकं वाटलं की तिनं टाळी वाजवली.

पेट्रोल, तेल, पाणी, बॅटरी, सगळं झाल्यावर दिलीप तिवई आवरू लागला.

"भाऊ, चालू झालेली नाही पाहणार?"

"तूच कर. माह्याकडे गिऱ्हाईक येऊन राहिलं." तो टेम्पोत चढला, मग खिडकीतून मान काढून म्हणाला, "तुले ठाऊकच आहे, तरी सांगतो. पयल्यांदा लागलं की बंद नाय करायचं. पाय उचलला, मंद झालं, की आतला कॅम खाल्लाच समज. मग खोल पुन्हा सगळं."

"माहीत आहे."

आणि तिला खरंच माहीत होतं. नव्या जोडणीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की ते चढ्या गतीवर सलग चालू ठेवायचं. घासणारे भाग एकमेकांशी याच वेळी जुळतात. जे आता बिघडतं ते कायमचं.

आई ओसरीवर येऊन उभी राहिली होती. तिनं पांढरी साडी नेसली होती, दीक्षाभूमीची.

"अरे वा!" शीतल म्हणाली. "बस खुर्चीवर. आता ऐक."

तिनं किल्ली फिरवली. इंजिन खोकललं. पुन्हा फिरवली. निळा धूर आला, एक धक्का, दुसरा, आणि मग सगळं एकदम जुळलं. आवाज पोर्चच्या छताला जाऊन भिडला. शीतल आनंदानं ओरडली, तेही तिला ऐकू आलं नाही. ती पळत पुढे आली, उघड्या इंजिनावर वाकली आणि कार्बुरेटरचा दांडा हातानं ओढून धरला. गती चढली. स्क्रू पिळायचा लांब पेचकस ब्लॉकला टेकवून तिनं दुसरं टोक कानाशी धरलं. आतून गोल, भरलेला, एकसंध नाद येत होता. कुठं खडखड नाही. बाबा असते तर बोनेटवर थाप मारली असती.

पहिला सिलिंडर, मग दुसरा. मग तिसऱ्यावर तिनं पेचकस ठेवला. शांत. अगदी शांत.

तरी टिकटिक येत होती.

तिनं पेचकस कानापासून दूर केला. इंजिनाचा आवाज इतका दाट होता की त्यातून काही वेगळं काढता येत नव्हतं. आणि तरी ती तिथं होती, आवाजाच्या मागे, भिंतीपलीकडे.

तिनं वर पाहिलं. ओसरीवर आई नव्हती.

आत गेली असेल. पाणी प्यायला. "आई!" ती ओरडली. तिचे ओठ हलले, बस. दांड्यावरचा हात तिनं किंचित सैल केला तशी गती घसरली, इंजिन थरथरलं, आणि तिचा हात तिच्या नकळत पुन्हा घट्ट झाला. आत्ता नाही. आत्ता बंद केलं तर सगळं गेलं, बाबांची गाडी गेली, आईला नेण्याचं गेलं. थोडाच वेळ. आई आत आहे. पांढरी साडी नेसून कोणी कुठं जाईल, आपल्याचसाठी तर नेसली. थोडाच वेळ. तिनं डोळे इंजिनावर ठेवले. पाण्याची नळी तापली, पत्रा तापला, धूर विरळ होत गेला. गती स्थिर होती. जसं शिकवलं होतं तसं. तिनं एकदाही दांडा सोडला नाही.

मग इंजिन जुळलं. ते हाताला कळतं. तिनं दांडा हळूच सोडला, दारातून आत हात घातला आणि किल्ली फिरवून बंद केलं.

आवाज बंद झाला नाही.

तो फाटकाबाहेर होता. संथ धडधड, आणि तिच्यावर ती टिकटिक. शीतल धावली. फाटक सताड उघडं होतं. आवाज पुढे सरकला, ओढ घेतली, पहिला गिअर, मग दुसरा. बागेच्या वळणाशी, संत्र्यांच्या झाडांमधून, एक पांढरं काहीतरी सरकत होतं. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. बारीक, बांगड्यांचा. बोटं पसरून वारा घेत होता.

"आई! आई गं!"

हात आत गेला नाही. हललाही नाही तिच्यासाठी. झाडांनी तो झाकून टाकला.

ती वळणापर्यंत पोहोचली तेव्हा वाट रिकामी होती. धूळ बसलेलीच होती, तिच्यावर फुलं पडलेली, चाकाची खूण नाही. फक्त आवाज अजून ऐकू येत होता, कुठून ते कळत नव्हतं, स्वच्छ आणि निवांत. तिसरा गिअर पडला. शीतल उभी राहून ऐकू लागली. मग चौथा पडला, आणि गाडी मोकळी सुटली.

त्या बागेतल्या वाटेवर दुसऱ्याच्या वर गिअर टाकता येत नाही. नाल्यापर्यंत सगळी वळणंच आहेत, आणि नाल्यापुढे रस्ता नाही.